धान्याच्या खोलीत रेकॉर्डिंग स्टुडिओ: वाळवी आणि उंदीर आधीच मुक्कामाला आहेत, काम कुठून सुरू करावं?

चाल_ताल (प्रश्न)

रामराम मंडळी. लातूर जिल्ह्यात गावाकडच्या घरातली मागची धान्याची खोली मोकळी केलीय, तिथं रेकॉर्डिंगची सोय करायचीय. मुख्य काम भजनी मंडळांचं, म्हणजे आवाज, पेटी, पखवाज, टाळ. जोडीला ऑडिओबुक आणि शेतीच्या व्हिडिओंचं निवेदन.

खोली आतून १० बाय १२ फूट, उंची १०. वर स्लॅब, खाली शहाबादी फरशी. तीन भिंती ९ इंची विटांच्या, चौथी जुन्या वाड्याची दगड-मातीची, दोन फुटी. दाराची चौकट बाभळीची आहे, तिच्या खालच्या बाजूला वाळवीची मातीची नळी दिसते. दोन भिंती बाहेरच्या, त्यातल्या एकीला टेकून पऱ्हाट्या रचलेल्या आहेत. शेजारच्या खोलीत सोयाबीन आणि तूर असते, त्यामुळं उंदीर कायमचे. झुरळं, पाली आहेतच.

सुतार म्हणतो, भिंतींना पाइनच्या पट्ट्या मारू, मध्ये ग्लासवूल भरू, वरून प्लाय आणि गोणपाट लावू. दुसरा सल्ला अंड्यांचे ट्रे चिकटवायचा आहे. कंडेन्सर माईक, तो कॉम्प्युटरला जोडायचा दोन चॅनेलचा इंटरफेस आणि ५ इंची मॉनिटर स्पीकर घेऊन ठेवलेत. आधी औषध मारावं का आधी पॅनेल? आणि सुतार सांगतो ते बरोबर आहे का?

---

कोबा_गिलावा

सुताराला थांबवा. पाइन हे वाळवीचं आवडतं लाकूड, गोणपाट त्याहून आवडतं, आणि भिंत व प्लायच्या मध्ये दोन-तीन इंचांची अंधारी, मऊ, शांत पोकळी. उंदराला याहून चांगलं बाळंतपणाचं ठिकाण सापडायचं नाही. वरून प्लाय ठोकला की आत काय चाललंय ते वास सुटल्यावरच कळतं. अंड्यांचे ट्रे तर कागदाचा लगदा. आवाज जवळपास अडवत नाहीत, आग लवकर धरतात आणि झुरळांना फ्लॅट सिस्टिम मिळते.

एक नियम भिंतीवर लिहून ठेवा: जी पोकळी उघडून बघता येत नाही, ती ठेवायची नाही. एकतर ठोस बंद करा, नाहीतर हाताने काढता येईल अशी ठेवा. स्टुडिओचं सगळं काम या एका नियमातून ठरवा.

आता क्रम. आधी पऱ्हाट्या हलवा. भिंतीपासून किमान दहा फूट, आणि जमिनीला न टेकता दगडावर किंवा लोखंडी अँगलवर. तो ढीग तिथं असेपर्यंत औषधाला काही अर्थ नाही.

मग वाळवी. बांधून झालेल्या घराची पद्धत भारतीय मानक आयएस ६३१३ च्या भाग ३ मध्ये दिलेली आहे, तीच वापरा. खोलीच्या आतून, फरशी आणि भिंतीच्या सांध्याला लागून, दर ३० सेंमीवर १२ मिमीचं भोक. प्रत्येक भोकात औषधाचं पाणी जिरेल तेवढं, जास्तीत जास्त १ लिटर. तुमच्या खोलीचा परीघ ४४ फूट, म्हणजे साधारण ४५ भोकं आणि ४५ लिटर द्रावण. बंद खोलीत बसून गायचंय, त्यामुळं क्लोरपायरीफॉसपेक्षा इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के एससी (पाण्यात मिसळायचं दाट औषध) बरं, वास नगण्य असतो. प्रमाण लिटरला २.१ मिली, म्हणजे ४५ लिटरला ९५ मिली. डोळ्याच्या अंदाजानं बाटली रिकामी करू नका. औषध जास्त घातलं म्हणून वाळवी जास्त मरत नाही.

शहाबादीला हॅमर मोडवर ड्रिल लावलं की कोपरा उडतो. फरशीच्या सांध्यात भोक घ्या आणि फरशी पार होईपर्यंत साधा फिरता मोड ठेवा, खाली कोबा लागला की हॅमर. द्रावण जिरल्यावर भोकं पांढऱ्या सिमेंटनं बुजवा.

बाहेरून दोन भिंतींना लागून उथळ चर काढा, त्यात दर १५ सेंमीवर १२ मिमीच्या सळईनं भोकं पाडा. दर मीटरला सव्वादोन लिटर द्रावण: पावणेदोन लिटर चरात, अर्धा लिटर माती परत टाकताना तिच्यावर. आपल्या काळ्या मातीत अडचण अशी की उन्हाळ्यात भेगा पडतात आणि औषध भेगेतून सरळ खाली निघून जातं, भिंतीलगतची माती कोरडीच राहते. म्हणून आदल्या दिवशी हलकं पाणी मारून भेगा मिटू द्या. चिखल मात्र नको, चिखलात औषध शिरत नाही. पावसाळा संपल्यावर, माती ओलसर असते तेव्हाचं काम सगळ्यात चांगलं बसतं. आड किंवा बोअर जवळ असेल तर त्या बाजूला औषध ओतू नका, ते काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या.

बाभळीची चौकट स्क्रू ड्रायव्हरनं टोचून बघा. दांडा आत गेला तर चौकट गेली, औषधावर पैसे घालू नका. टणक असेल तर ६ मिमीची तिरपी भोकं पाडून लाकडाचं तेलात मिसळणारं वाळवीनाशक सिरिंजनं भरा. नळी नुसती खरडून टाकायची चूक बहुतेक जण करतात. खरडली की वाळवी दुसरीकडून वाट काढते आणि तुम्हाला वाटतं गेली. नळी थोडी फोडून ठेवा. दोन-तीन दिवसांत ती परत लिंपली गेली तर आत जीव आहे.

हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्या. लेकरं आणि जनावरं लांब.

---

पिन_दोन_गरम

वरचं सगळं मान्य. आता आवाजाकडून बघू, कारण दोन्ही कामं एकच आहेत हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

दोन्हीकडून गिलावा असलेली ९ इंची विटांची भिंत ५० डेसिबलच्या आसपास आवाज अडवते. तुमची दोन फुटी दगडी त्याहून जास्त, म्हणजे भिंतींचा प्रश्नच नाही. आता दार धरा. ३ फुटी दाराखाली अर्ध्या इंचाची फट म्हणजे १८ चौरस इंच. १२ बाय १० च्या भिंतीत हा हजारात एक भाग झाला. तेवढ्या फटीनं अख्खी भिंत ५० वरून ३० डेसिबलवर येते. आणि अर्ध्या इंचातून मोठा उंदीर येतो, ६ मिमीतून घरातला बारका उंदीर येतो. जिथून उंदीर येतो तिथूनच ट्रॅक्टरचा आवाज येतो. त्यामुळं फटी बुजवायचा खर्च एकदाच करा, दोन्ही कामांत जमा होईल.

फट बुजवायला स्प्रेचा पिवळा फोम वापरू नका. उंदीर तो एका रात्रीत कोरतो, आणि वजन नसल्यानं आवाजही आरपार जातो. भोकात आधी तारेची घासणी किंवा ६ मिमीची जाळी कोंबा, मग सिमेंटचा मसाला ठासा, भेगेवर शेवटी लवचीक सीलंट. कोंबडीच्या खुराड्याची जाळी चालणार नाही, तिचे डोळे मोठे असतात. दाराला ३५ मिमीचा भरीव फ्लश डोअर, तिन्ही बाजूंनी रबरी पट्टी, खाली दार लागलं की खाली उतरणारं सील. रबर कुरतडलं जातं म्हणून दाराच्या खालच्या सहा इंचांना दोन्ही बाजूंनी जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेला पत्रा मारा.

आता आतला आवाज. तुमच्या खोलीची रुंदी आणि उंची दोन्ही १० फूट, हीच खरी खोड आहे. १० फुटांत ५६ हर्ट्झची लहर अडकते आणि इथं ती दोन दिशांनी अडकणार. १२ फुटांची ४७ हर्ट्झ. त्यांच्या दुपटी, म्हणजे ११२ आणि ९४, पखवाजाच्या धुम्याच्या, म्हणजे कणीक लावायच्या मोठ्या तोंडाच्या, पट्ट्यात येतात. एक इंची फोमनं याला काही होत नाही. फोम फक्त वरचा चकचकाट खातो आणि खोली डब्यासारखी वाजते. वर आपल्याकडच्या उन्हाळ्यात स्वस्त फोमचा दोन-तीन वर्षांत भुगा व्हायला लागतो.

पॅनेलसाठी रॉकवूल घ्या, घनमीटरला ४८ किलो घनतेचा, ५० मिमीच्या दोन स्लॅबा एकावर एक, म्हणजे १०० मिमी. मागं भिंतीपासून ५० मिमी मोकळी हवा. दगडाचा धागा असल्यानं वाळवीला त्यात खायला काही नाही. पण वाळवी त्यातून वाट काढून पलीकडच्या लाकडापर्यंत जाऊ शकते आणि उंदीर त्यात घरटं करू शकतो, म्हणून पॅनेलची चौकट लाकडाची नको.

चौकट: पत्रेवाल्याकडून ०.५ मिमी जीआय पत्रा १०० मिमी रुंदीच्या यू आकारात वाकवून घ्या. आधी गावात रॉकवूल कोणत्या मापाचा मिळतो ते बघा आणि त्यावरून चौकट करा. उलट केलं तर कापाकापी होते आणि कापलेल्या कडांमधून धागे गळत राहतात. मागच्या बाजूला ६ मिमी जीआय वेल्डमेश. ही जाळी ढिली राहिली तर धुम्याच्या थापेला खर्रर वाजते आणि तो आवाज नेमका टेकमध्येच कळतो. दर चार इंचांवर स्क्रू आणि कडेला सिलिकॉनची रेघ. लावण्याआधी प्रत्येक पॅनेलवर बुक्की मारून ऐका.

समोरचं कापड पॉलिस्टरचं. सुती कापड आणि गोणपाटाला कसर लागते. कापड तोंडाला लावून फुंकर मारा. हवा सहज गेली पाहिजे, नाहीतर आवाज परत फिरतो.

दोन बाय चारची साधारण दहा पॅनेलं लागतील. बसायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना एकेक, मागच्या भिंतीला दोन, डोक्यावर दोन, आणि चार उभ्या कोपऱ्यांत तिरपं एकेक. बाजूच्या पॅनेलची जागा आरशानं काढा: कुणीतरी भिंतीवरून आरसा सरकवावा, बसल्या जागेवरून मॉनिटर जिथं दिसेल तिथं पॅनेल. टेबल १० फुटी भिंतीकडे तोंड करून, कान त्या भिंतीपासून साडेचार फुटांवर. खोलीच्या बरोबर मध्ये बसू नका, तिथं ४७ हर्ट्झ ऐकूच येत नाही आणि मग मिक्समध्ये बास भरमसाट चढतो.

भिंतीवरची सगळी पॅनेलं झेड पट्टीवर (एकमेकींत अडकणाऱ्या धातूच्या पट्ट्या) टांगलेली असू द्या, उचललं की हातात येईल अशी. फरशीपासून किमान एक फूट वर, चारही बाजू उघड्या. वाळवीची नळी चढायला लागली किंवा लेंड्या पडल्या तर झाडतानाच दिसतात. डोक्यावरची दोन मात्र अँकर फास्टनरनंच टांगा, तिथं झेड पट्टीवर भरवसा नको. बाजारात कोपऱ्यात खालपासून वरपर्यंत भरलेले बास ट्रॅप, म्हणजे खर्जाचा आवाज शोषणारे ठोकळे, दाखवतात, आवाजाला ते सरस आहेत, पण तुमच्या घरात ते लावू नका. कोपऱ्यातला तो त्रिकोण कधीच उघडला जात नाही.

---

सरकी_नाही

एवढा खर्च कशाला राव? आपल्याकडं कापूस पिकतो. जिनिंगचा कापूस भरला तर आवाज चांगला शोषतो. जुन्या वाकळा तर फुकट आहेत.

---

पिन_दोन_गरम

कापूस आवाज शोषतो, यात वाद नाही. चार इंच जाडीचा दाबून भरलेला कापूस पुष्कळ काम करतो. अडचण आवाजाची नाहीच. शेजारी सोयाबीनचं कोठार असलेल्या खोलीत कापूस भरणं म्हणजे उंदराला जेवण आणि अंथरूण एकाच छपराखाली देणं. वर इस्तरी, सोल्डरिंग, सैल प्लग यातली एक ठिणगी पुरते. कापूस-कागदाच्या कारखानी इन्सुलेशनला बोरिक अ‍ॅसिड आणि बोरॅक्स लावलेलं असतं ते आग आणि किडीसाठीच. घरी ते सगळीकडं सारखं बसत नाही.

वाकळ वापरायची तर अशी वापरा: दोन जाड वाकळा दोरीवर, गायकाच्या मागं आणि बाजूला, भिंतीपासून हातभर लांब. काम झालं की काढून उन्हात. निवेदनासाठी ही सोय पॅनेल होईपर्यंत उत्तम चालते. कायमची टांगून मात्र ठेवू नका.

---

कोठी_राखण

उंदरांचं थोडं सविस्तर सांगतो, कारण इथं चूक जीवावर बेतते.

पहिली गोष्ट. सोयाबीन-तुरीत किडीसाठी काही घरांत सल्फासच्या (अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या) गोळ्या टाकतात. ३ ग्रॅमची एक गोळी १ ग्रॅम विषारी फॉस्फिन वायू सोडते. तो भिंतीच्या भेगेतून, दाराखालून शेजारच्या खोलीत येतो, आणि तुम्ही तर बंद दारात तासन्‌तास बसणार. घरात ही गोळी वापरायचीच नाही. माणसाच्या जीवापुढं हे किरकोळ, पण हाच वायू तांबं आणि चांदी गंजवतो. इंटरफेसचे सॉकेट, रिले, पॅचचे संपर्क काळे पडतात. धान्याला हवाबंद पिशव्या आणा, नीट वाळवून भरा, आणि भिंतीपासून फूटभर लांब लोखंडी मांडणीवर ठेवा. धुरी द्यायचीच पाळी आली तर परवानाधारक माणूस बोलवा, दोन्ही खोल्या रिकाम्या, सामान बाहेर.

झिंक फॉस्फाईड, म्हणजे शेतात वापरायची काळी पूड, तीही आत नको. ओल लागली की तोच वायू. रक्त पातळ करणाऱ्या ब्रोमॅडिओलोनच्या वड्या घराबाहेर, कुलूपबंद पेटीत ठेवता येतात, पण स्टुडिओच्या आत नकोत. उंदीर खाऊन लगेच मरत नाही, चार-पाच दिवसांनी मरतो आणि नेमका दगडी भिंतीच्या पोटात जाऊन मरतो. त्या वासात कुणी भजन म्हणत नाही.

आत फक्त चाप आणि पिंजरा. चाप भिंतीशी काटकोनात, अन्नाची बाजू भिंतीकडं; उंदीर भिंतीला घासून पळतो. नव्या वस्तूला तो बुजतो, म्हणून पहिले दोन-तीन दिवस चाप न ताणता नुसतं खाणं ठेवा. शेंगदाण्याचा कूट गुळात मळून, किंवा तेलात भिजवलेला भाकरीचा तुकडा. तो निवांत खायला लागला की ताणा.

दगडी भिंतीचे सांधे हाच त्याचा रस्ता. सैल माती दोन इंच खोल खरडून चुन्याच्या मसाल्यानं सांधे भरा. त्या भिंतीवर सिमेंटचा जाड गिलावा मारू नका. आतली ओल बाहेर निघत नाही, गिलावा फुगून सुटतो, आणि सुटलेल्या गिलाव्यामागं पुन्हा तीच पोकळी. त्या भिंतीवरचं पॅनेल काढताना आधी टॉर्च मारा, मग हात घाला. विंचवाला असे सांधे फार आवडतात.

अल्ट्रासॉनिक यंत्रांवर पैसे घालू नका. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २००१ साली ६० हून जास्त उत्पादक-विक्रेत्यांना या दाव्यांबद्दल इशारा दिला होता. आणि स्टुडिओत तर ते यंत्र स्वतःच उपद्रव आहे.

---

चाल_ताल

मंडळी, फार उपयोगी. सुताराला थांबवलं. आणखी तीन शंका. एक, केबली कुरतडल्या तर कळणार कसं? दोन, झुरळांना स्प्रे चालेल का? तीन, एसी लावायचाय, मे महिन्यात दार लावून बसणं अशक्य आहे.

---

पिन_दोन_गरम

केबल. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असतात, म्हणून तो खायला नाही तर दात झिजवायला कुरतडतो. पीव्हीसीची पट्टी त्याला अडवत नाही. भिंतीतली कायमची लाइन लोखंडी पाइप किंवा लवचीक धातूच्या कंड्यूटमधून न्या, दोन्ही तोंडं बंद करा. बाकी केबली काम संपलं की गुंडाळून भिंतीवरच्या खुंटीला, फरशीपासून चार फूट वर.

तीन पिनांच्या माईक केबलमध्ये काय तुटलं ते लक्षणावरून ओळखता येतं. कंडेन्सर एकदम मुका झाला पण त्याच केबलवर साधा डायनॅमिक माईक चालतोय, कदाचित गुणगुणत, तर पिन १ म्हणजे शील्ड (तारांभोवतीची जाळी) तुटलीय. कंडेन्सरला इंटरफेसकडून मिळणाऱ्या ४८ व्होल्टचा परतीचा रस्ता तोच. आवाज येतोय पण निम्म्यानं, सुमारे ६ डेसिबल खाली, आणि घरघर वाढलीय, तर २ किंवा ३ मधली एक तार गेली. हलवलं की कुरकुरतं, तर कनेक्टरच्या आतला टाका. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून १ ला १, २ ला २, ३ ला ३ तपासा, आणि कुठल्याही दोन पिना आपसात बोलत नाहीत ना तेही बघा. दाताची खूण सहसा केबलच्या एकाच जागी असते. तिथं कापा, दोन्ही तुकड्यांना नवीन कनेक्टर लावा. टेप गुंडाळून चालवू नका.

झुरळांना स्प्रे नको, दोन कारणांनी. कंडेन्सरचा पडदा काही मायक्रॉन जाडीचा, सोन्याचा मुलामा दिलेलं प्लास्टिक असतं. स्प्रेचा तेलकट थर, कॉइलचा धूर, उदबत्ती, सगळं त्यावर बसतं आणि दमट हवेत तो फटफटायला लागतो. दुसरं, स्प्रेनं झुरळं पांगतात आणि उबेला जातात. ऊब कुठं, तर तुमच्या इंटरफेसमध्ये आणि मॉनिटरच्या मागं. जेल वापरा, मसुराच्या दाण्याएवढे थेंब, चौरस मीटरला दोन-तीन, टेबलाखाली, दाराच्या बिजागरीजवळ, कोपऱ्यात. जेल लावलेल्या जागी स्प्रे किंवा फिनेल मारलं की ते वाया गेलं. डासांना खिडकीची स्टीलची जाळी. झुरळं-डास कमी झाले की पाली आपोआप जातात.

माईक हवाबंद डब्यात, ५० ग्रॅम सिलिका जेल घालून. आतली आर्द्रता ४० ते ५० टक्के. डांबराच्या गोळ्या माईकजवळही नकोत आणि गायकाच्या घशाजवळही नकोत.

बाहेरच्या रातकिड्यांचा मुख्य स्वर ४ ते ५ किलोहर्ट्झच्या आसपास असतो, आवाजाच्या नेमक्या स्पष्टतेच्या पट्ट्यात. तिथं ईक्यूनं (आवाजाचे पट्टे कमी-जास्त करायची सोय) कापलं तर गायकाचा आवाजही बोथट होतो. फटी बुजवणं हेच त्यावरचं औषध.

---

कोबा_गिलावा

एसीचं. स्प्लिटच्या पाइपला अडीच-तीन इंचांचं भोक पाडतात आणि फिटिंगवाला त्याला पांढरी पुट्टी फासून निघून जातो. उंदीर ती पुट्टी खातो. भोकात आधी पीव्हीसीचं स्लीव्ह बाहेरच्या बाजूला थोडा उतार देऊन बसवा, त्यातून पाइप घ्या, उरलेली जागा जाळी आणि मसाल्यानं भरा. बाहेर तांब्याच्या पाइपावरचा काळा फोम उंदीर-खारी सोलतात, त्यावर पत्र्याची केसिंग घाला. पाणी जायच्या नळीच्या तोंडाला बारीक जाळी, नाहीतर झुरळं तिथून वर येतात. आणि ते पाणी भिंतीपाशी पडू देऊ नका. भिंतीलगत रोजची ओल म्हणजे वाळवीला आमंत्रण. पाइप लांबवून झाडाला सोडा.

हाच घोळ अर्थिंगचा. उन्हाळ्यात आपली माती वाळते, अर्थिंग कमजोर होतं, मॉनिटरमध्ये घरघर येते, म्हणून लोक खड्ड्यात रोज पाणी ओततात. खड्डा भिंतीला लागून असेल तर ती ओल पायात. आयएस ३०४३ नुसार अर्थिंग इमारतीपासून दीड मीटर लांब हवं. तेवढं ठेवलं की पाणी बिनधास्त ओता.

---

ओला_धुमा

पखवाजाची एक गोष्ट कुणी बोललं नाही. धुम्याला लावलेली कणीक वाजवून झाल्यावर तशीच ठेवतात. सत्र संपलं की ती पूर्ण काढा, ओल्या फडक्यानं पुसा, धुमा सुकू द्या, मगच गवसणी घाला. कणकेचा एक पापुद्रा राहिला तरी रात्रीतून मुंग्या येतात, आणि उंदीर कणकेबरोबर कातडंही घेऊन जातो. काढलेली कणीक खोलीतल्या कचऱ्याच्या डब्यात टाकू नका.

तबल्याच्या शाईतही लोखंडाच्या पुडीबरोबर पिठाची खळ असते, झुरळं ती कडेनं खरवडतात. शाईची कड सुटली की सूर हलतो आणि मग माणसं माईकला दोष देतात. पेटीचं काय, तर भाता उघडा ठेवू नका. आतल्या लोकरीच्या पट्टीला कसर लागली की स्वर बंद केल्यावरही हवा निसटते आणि बारीक शिट्टी येते. महिन्यातून एकदा वरची फळी काढून मऊ ब्रशनं साफ करा. कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर गवसणीच्या बाहेर. आत चुरा झाला की तो सुरांच्या पट्ट्यांत अडकतो.

---

चाल_ताल

समजलं. शेवटचं एक: वाळवीचं औषध मारल्यावर किती दिवसांनी पॅनेल चढवायची? आणि पहिल्या मृगाच्या पावसात पंखवाल्या वाळव्या दिव्यावर येतात, त्या आल्या म्हणजे औषध फुकट गेलं का?

---

कोबा_गिलावा

भोकं बुजवल्यावर दोन-तीन दिवस दार-खिडकी उघडी ठेवा, फरशी दोनदा ओल्या फडक्यानं पुसा. पॅनेलं मात्र महिनाभर चढवू नका. नुसत्या भिंती असल्या की नवी नळी लगेच दिसते; ती दिसली तर त्या टप्प्यातली भोकं परत उघडून पुन्हा भरायची. फटी, दार, एसीचं भोक ही कामं याच महिन्यात उरका.

पंखवाल्यांचं असं: बाहेरून दिव्यावर आल्या तर काळजी नाही, त्या सगळ्या शिवाराच्या असतात. खिडकी-दार बंद असताना आतल्या बाजूला, खिडकीच्या कट्ट्यावर किंवा चौकटीखाली पंखांचा सडा पडला तर वारूळ घरातच आहे. पंख चारही सारख्या लांबीचे असतील तर वाळवी. पुढचे लांब, मागचे आखूड आणि कंबर बारीक असेल तर त्या मुंग्या.

आणि चौकटीखाली मातीऐवजी मैद्यासारखी बारीक पूड दिसली तर तो लाकूड पोखरणारा भुंगेरा. जमिनीतलं औषध त्याला लागत नाही, तो लाकडातच राहतो. तशी पूड दिसली तर बाभळीची चौकट काढून लोखंडी अँगलची बसवा, आणि अँगलच्या पोटात मसाला ठासून भरा.